अध्यक्षा सोजराबाई

आमच्या गावात माणूस गेला की पहिला निरोप सोजराबाईच्या घरी जायचा, पाहुण्यांना नंतर. गेलेल्याचा मुलगा पुण्याकडे कंपनीत, मुलगी जालन्याला. ती सगळी येईपर्यंत मयत घरात ठेवायचं आणि संध्याकाळ करायची. तेवढा वेळ त्या घरात माणसांनी करायचं काय? बाया रडून रडून थकतात. पुरुष ओट्यावर बसतात आणि थोड्या वेळानं सोयाबीनच्या भावावर येतात. अशा वेळी सोजराबाई यायची, पदर खोचून उशाशी बसायची आणि अभंग धरायची. तिरडी उचलेपर्यंत ती जागची हलत नसे. कुणी चहाचा कप पुढे केला तर मान हलवून नको म्हणायची, कारण चहा घेतला की आवाज बसतो असं तिचं ठाम मत होतं.

मी अश्विनी. जवळच्या बीबी गावाला माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दाखले, अर्ज, नोंदण्या, सगळं करून देते आणि संध्याकाळी स्कूटीवरून गावात परत येते. मला माणसांचा राग लवकर येतो, हे गावाला ठाऊक आहे. त्यातही दोन प्रकारची माणसं मला सहन होत नाहीत: एक, कागदाला काडीचीही किंमत न देणारी आणि दुसरी, कागदापुढे लोटांगण घालणारी. सोजराकाकू आधी पहिल्या प्रकारात होती आणि नंतर दुसऱ्यात गेली. तरी तिचा राग मला कधी धड करता आला नाही.

काकू लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नव्हती. थोरली जाऊ रुखमाबाई, तीच सासू आणि तीच आई. भाकरी कशी थापायची इथपासून नवरा रागावला तर किती वेळ गप्प राहायचं इथपर्यंत सगळं तिनंच शिकवलं. काकूची बाळंतपणं तिनं काढली. पुढे भावांची वाटणी झाली, अंगणात भिंत आली, पण भिंत अशी बुटकी की इकडची भाजी तिकडे द्यायला पायरी उतरावी लागत नसे. काकू तिला आक्का म्हणायची. आक्काला विचारल्याशिवाय तिनं साधा पापडाचा उडीद भिजवला नसेल. हळदीकुंकू असो की पेरणीची पूजा, आधी आक्काचं बोट कुंकवात बुडायचं आणि मग हिचं.

दोघी भुलाबाईच्या गाण्यांवर वाढलेल्या, त्यामुळे गळा होताच. मयताचं भजन मात्र पुरुषांच्या मंडळाचं काम. ते मंडळ हळूहळू विझलं; काही म्हातारे झाले, काही दारूला लागले आणि तरुण पोरांना डीजेशिवाय दुसरं वाद्य ठाऊक नाही. अशात सत्यभामाबाई नावाची एकटी म्हातारी वारली. भाची लांबून यायची होती. सोंगणीचे, पीककापणीचे दिवस, पुरुष वावरात. घरात शेजारच्या दोनचार बाया आणि ती गेलेली म्हातारी, एवढंच. काकूला ते सहन झालं नाही. तिनं पहिली ओळ म्हटली आणि आक्कानं ती उचलली. भाची येईपर्यंत दोघी म्हणत राहिल्या.

बायांनी मयतावर भजन म्हटलं म्हणून गावात बरीच कुजबुज झाली. पुढचं मयत कुजबुज करणाऱ्यांच्याच घरी झालं आणि त्यांनी मुकाट्यानं निरोप पाठवला. मग एकेक बाई जमत गेली आणि मंडळ तयार झालं. त्याला नाव नव्हतं, कुणी प्रमुख नव्हतं, वाद्यं म्हणाल तर देवळातले जुने टाळ आणि एक फुटकी ढोलकी. काकूचा आवाज बारीक आणि आक्काचा भरदार. काकू ओळ वर न्यायची आणि आक्का ती खाली आणून ठेवायची. ज्या घरी त्या बसल्या त्या घरच्या माणसांना रडायला आणि थांबायला, दोन्हीला जागा मिळायची. माझे वडील गेले तेव्हा मी हे अनुभवलं आहे.

हे असंच चाललं असतं. पण ग्रामसभेत भगवानरावांनी घोषणा केली. भगवानराव म्हणजे सरपंचांचे यजमान. सरपंच वंदनाताई आहेत, खुर्चीवर त्याच बसतात, बोलतात मात्र हे.

"सोजराबाई, तुमचं मंडळ रजिस्टर करा. जिल्ह्याची योजना हाय, भजनी मंडळाले पेटी, पखवाज, टाळ, सारं भेटते. कागद तेवढा पाहिजे."

बाया खूश झाल्या. काकू दुसऱ्या दिवशी बीबीला माझ्या दुकानात हजर. मी नियम वाचून दाखवला: आधी संस्थेची नोंदणी, त्यासाठी सात जणींची कार्यकारिणी, आणि एका घरातली एकच. आता आमचं गाव म्हणजे अर्धी भावकी. मंडळात कोण कुणाची जाऊ, कोण कुणाची नणंद. एका आडनावाच्या, एका पत्त्याच्या दोघी लावल्या तर अर्ज अडकणार हे मला अनुभवानं माहीत होतं.

"मंग आक्काचं लाव," काकू लगेच म्हणाली. "म्या नसली तं चालते. अध्यक्ष तीच."

पण आक्का गावात नव्हती. तिची लेक चाकणला दिलेली, तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी ती तिकडे गेली होती. बाळंतपण अवघड गेलं होतं आणि आक्काचं परत येणं लांबत चाललं होतं. इकडे योजनेची मुदत संपत आलेली. आधार कार्ड तिच्याजवळ, फोटो नाही, अंगठाही हवा.

"तू सही कर," मी म्हटलं. "पण फोन करून तिला सांग आधी."

"फोनवर असं सांगत असतात काय वं? तिथं लेकीच्या जिवाची पडली हाय, तिले म्या पेटीचं सांगू? येऊ दे घरी. मांडीले मांडी लावून सांगीन."

असं म्हणून तिनं अध्यक्ष या शब्दापुढे एकेक अक्षर जुळवत सही केली. घाम फुटला होता तिला.

आक्का आली. पहिल्या दिवशी ती प्रवासानं थकलेली. दुसरा दिवस नातवाचे फोटो पाहण्यात गेला. तिसऱ्या दिवशी काकू सांगायला म्हणून बसली आणि आक्काच म्हणाली, "सोजरे, पेटी येणार म्हणते वंदना. आपल्याले पेटी! आपल्या बापानं पाह्यली होती काय?" एवढ्या आनंदात ते सांगावं कसं? मग राहिलंच. मी एकदा वाटेत विचारलं, तर काकू म्हणाली, "कागद बुलढाण्याचा हाय, गाव आपलं. गावात मले कोण अध्यक्ष मानते? कागद कागदाच्या जागी राहू दे." दोन जावा रोज एकत्र शेतात निंदायला जात होत्या, एका धडप्यात बांधलेली भाकरी खात होत्या आणि ही गोष्ट मध्ये तशीच पडून होती.

वाटपाचा कार्यक्रम लोणारला होता. टेम्पो केला. आक्का ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून पुढे बसली आणि सगळी वाट तिनं बायांना गायला लावलं. मीही गेले होते. मांडवात खुर्च्या, मंचावर हार-तुरे, निवेदक घसा ताणून बोलत होता. आमच्या गावाचं नाव आलं. "अध्यक्षा सोजराबाई," आणि मग बाकीच्या सहा जणी. आक्का सगळ्यांबरोबर उठली. तिला वाटलं मंडळाला बोलावलं म्हणजे मंडळाला बोलावलं. बिल्ला लावलेला एक जण आडवा आला. त्याचं काही चुकलं नव्हतं, तो चांगल्या शब्दांतच म्हणाला, "आजी, नाव घेतलं त्यांनीच यायचं. तुम्ही बसा."

आक्का बसली. मंचावर काकूच्या हातात नारळ दिला, पेटीवर हात ठेवायला सांगितलं, फोटो काढला. त्या अख्ख्या वेळात काकूनं आक्काकडे एकदाही पाहिलं नाही. मी दोघींना पाहत होते.

मला वाटलं येताना भांडण होईल. झालं असतं तर फार बरं झालं असतं. आक्कानं पखवाज मांडीवर घेतला, खड्ड्यांतून जाताना दोन्ही हातांनी धरला, घर आल्यावर काकूच्या ओट्यावर नीट ठेवला आणि भिंतीच्या पलीकडे गेली. त्यानंतर ती काकूशी बोलली नाही.

अबोला गावात नवीन नाही, पण हा अबोला विचित्र होता. काकूनं पुरणाचे मांडे पाठवले तर ते ताट आक्का रिकामं परत करत नसे. त्यात गूळ, कधी मुगाच्या शेंगा घालून सुनेच्या, म्हणजे काजलच्या हाती पाठवायची. रीत सगळी सांभाळायची, फक्त शब्द नाही. मयत झालं की यायची, पण मागे, रडणाऱ्या बायांत बसायची, डोक्यावर पदर, ओठ मिटलेले. पुढे नवा पखवाज, नवे टाळ, आणि ती पेटी. पेटी वाजवता कुणालाच येत नव्हती. तिला जरीचं कापड घालून प्रत्येक मयताला नेऊन ठेवायचे आणि परत आणायचे, एवढाच तिचा उपयोग. काकू ओळ वर न्यायची आणि ती तिथेच राहायची. बाकीच्या बाया आपापल्या परीनं सांभाळून घ्यायच्या. ऐकणाऱ्यांना फरक कळत होता, बोलत कुणी नव्हतं.

काकूच्या मनानं एकच घेतलं: आक्काचं नाव कागदावर नाही म्हणून हे सगळं झालं. एके दिवशी बाजाराची पिशवी घेऊन ती दुकानात आली आणि उभ्यानंच म्हणाली, "माहं नाव काढ. तिचं घाल."

मी तिला बसवलं आणि समजावून सांगितलं. आधी तिनं राजीनामा द्यायचा, मंडळाचा ठराव करायचा, मग जिल्ह्याला बदलाचा अर्ज. त्याची सुनावणी होऊन काकूचं नाव निघाल्याचा कागद येणार. मग ती जागा मोकळी आणि मग आक्काचा अंगठा. वेळ लागतो, सगळ्यांनाच लागतो.

"लागू दे," काकू म्हणाली. "तो कागद आला का म्या जाईन तिच्यापाशी. म्हणीन, हे पाह्य आक्का, म्या माहं नाव काढलं, आता तू बस."

"काकू, कागद येईल तेव्हा येईल. तू आजच जा ना. भिंत ओलांडून दोन पावलं."

"रित्या हातानं?"

"हो, रित्या हातानं."

"कोणत्या तोंडानं जाऊ वं? कागदानं झालं हे, कागदानंच मिटीन. नुसत्या बोलण्यावर आता तिचा विश्वास काऊन बसीन?"

मी चिडले. तुमच्या दोघींचं अर्धं आयुष्य कागदाशिवाय गेलं, असं काहीतरी ताडकन बोलले. ती रागावली नाही. राजीनाम्यावर सही करताना या वेळी तिला घाम फुटला नाही, उलट हात झरझर चालला. माझ्याकडून तिनं वचन घेतलं की गावात याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आक्काला पहिल्यांदा तिच्याच तोंडून कळलं पाहिजे. एवढी एक गोष्ट तरी मला माझ्या हातानं करू दे, म्हणाली. मी वचन दिलं आणि पाळलं.

मग दर बाजाराला तिची एक फेरी. "आला का वं कागद?" मी नाही म्हटलं की भाजी घ्यायला जायची. पोळा झाला. भुलाबाई बसल्या आणि उठल्या. सुनावणीची तारीख मिळाली ती दिवाळीनंतरची. काकूला तीही जवळच वाटली. दिवाळीनंतर म्हणजे काय, आलंच की, म्हणायची. तिचा चेहरा खुलला होता. लुगडं पाहून ठेवलंय आक्कासाठी, असंही एकदा लाजत सांगून गेली.

दसऱ्यानंतर आक्काला धाप लागायला लागली. मेहकरला नेलं. डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. आता ती पडवीत खाटेवर असायची. काकू भिंतीशी उभी राहून काजलला विचारायची, "जेवली का? झोप लागली का?" काजल सांगायची. खाटेवरून आक्काला काकूचा आवाज ऐकू येत असणारच, कारण भिंत तेवढी उंच नव्हती. मी पुन्हा मागे लागले. आता तर जा. काकूचं नवीनच निघालं: "आता गेली तं लोकं म्हणतीन, मरणाले टेकली तवा आली. तिलेही तसंच वाटीन. आता थोडेच दिवस हायेत वं, दिवाळी तं होऊ दे."

दिवाळी व्हायच्या आत आक्का गेली. सकाळी पाणी मागितलं आणि काजल पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं.

मी दुकान उघडलंच नाही. आक्काचा मुलगा प्रेम कंपनीतून निघाला होता, त्याला पोचायला संध्याकाळ होणार होती. मंडळातल्या बाया जमल्या. कुणीतरी पखवाज आणला, कुणी टाळ आणले. सगळ्यांच्या नजरा दाराकडे. काकू आली. लोणारच्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच त्या घरात पाऊल टाकत होती. उशाशी बसली, आक्काच्या कपाळावरचा केस मागे सारला आणि मग तिनं काजलला जवळ घेतलं.

काजल रडत होती. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, पोर भाबडी आहे. जे मनात साचलं होतं ते तिच्या तोंडून बाहेर पडलं, इतकंच.

"काकू, आई रोज तुमची वाट पाहत होत्या वं. तुमचा आवाज आला का म्हणायच्या, पाह्य, सोजरा भिंतीपाशी आली. आता येईन. म्या एकदा म्हणलं, आई, तुमचं नाव नाही लावलं म्हून एवढा राग काऊन? तं म्हणे, नावाचं काय करू वं म्या? मले सही तरी येते काय? सोजरा अध्यक्ष झाली तं म्या गावभर साखर वाटली असती. पण तिनं मले सांगतलं नाही. रोज माह्यासंग जेवली आन् सांगतलं नाही. मले मांडवात बिल्लेवाल्यानं सांगतलं. तिनं येऊन एका शब्दानं सांगावं, मंग माहं काही म्हणणं नाही."

काकू ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही.

बाया वाट पाहत होत्या. एकीनं हलकेच टाळ वाजवला. काकूनं त्या टाळावर हात ठेवला आणि तो थांबवला. तिच्याशिवाय ओळ धरायची कुणाला सवय नव्हती आणि त्या दिवशी कुणाची हिंमतही झाली नाही. सकाळची दुपार झाली. भजनाशिवाय मयताचं घर किती मोठं वाटतं, ते गावानं बऱ्याच वर्षांनी पाहिलं. पुरुष ओट्यावरून आत डोकावून जात होते. भगवानराव एकदा म्हणाले, "सुरू करा ना सोजराबाई." काकूनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

उन्हं उतरली तेव्हा प्रेम आला. आईच्या अंगावर पडून रडला. माणसं घाई करू लागली, अंधाराच्या आत माती झाली पाहिजे. तेव्हा काकू आक्काच्या कानाशी वाकली. मला वाटलं आता अभंग म्हणेल. बायांनी टाळ उचलले.

"आक्का," ती म्हणाली, "तुले एक सांगायचं राह्यलं."

टाळ पुन्हा खाली गेले.

"तू चाकणले होती नं, तवाची गोष्ट. भगवानरावानं सभेत सांगतलं, पेटी भेटते म्हून. दुसऱ्या दिवशी म्या बीबीले गेली. अश्विनीनं वाचून दाखवलं. म्हणे, एका घरातली एकच. म्या म्हणलं, मंग आक्काचं लाव. ऐकून राह्यली ना? तुहंच म्हणलं आधी म्या. मंग ते म्हणे अंगठा पाहिजे..."

ती सांगत होती. काही गाळत नव्हती, काही वाढवत नव्हती. आवाज बारीक, रोजच्यासारखा, भिंतीवरून बोलावा तसा. माणसं थांबली होती, मग हळूहळू पुढे झाली. कुणीतरी काकूला खांद्याला धरून बाजूला केलं. ती बाजूला झाली आणि तशीच सांगत दारापर्यंत गेली, दारातून अंगणात. तिरडी उचलली तेव्हा तिचं सांगणं लोणारपर्यंतही आलं नव्हतं.